ब्रेक फेल झाला म्हणू नका, ब्रेक शेवटचा कोणी पाहिला ते सांगा



मागच्या महिन्यात अकोल्याहून एका पोराचा फोन आला. डाबकी रोडकडचा. म्हणाला, "सर, पाच ई-रिक्षा घेऊन रायलो. रोजच्या भाड्यानं देतो. कसं राहीन?" हिशोब त्यानं पक्का केला होता. बँकेचा हप्ता, रोजचं भाडं, चार्जिंगचं बिल, बॅटरी कधी बदलावी लागेल, एखादी रिक्षा दोन दिवस उभी राहिली तर किती तुटेल, सगळं वहीत मांडलेलं. खरं सांगतो, इतकी नीट वही माझ्याकडे येणाऱ्या दहातल्या एकाचीही नसते. मी त्याला एकच विचारलं, "ब्रेक कोण पाहणार?"

तो थोडा गप्प झाला. मग म्हणाला, "ब्रेक काय पाहाचे सर? नव्याच गाड्या हायेत ना."

आजचा लेख या एका उत्तरावर आहे.

अमरावती-अकोला पट्ट्यात आता ईव्हीचा धंदा करायचा म्हणून रोज कोणी ना कोणी विचारतो. कोणाला डीलरशिप पाहिजे, कोणाला चार्जिंग स्टेशन, कोणाला बॅटरी जोडायचं युनिट. ब्रेकबद्दल आजवर एकानंही विचारलं नाही. माझं मत स्पष्ट आहे. गाडी भाड्यानं देणारा, विकणारा किंवा दुरुस्त करणारा माणूस ब्रेकची व्यवस्था न ठेवता धंदा करत असेल, तर तो धंदा नाही, नशीब आजमावणं आहे. आणि नशीब दुसऱ्याच्या जिवावर आजमावू नये. दुसरी बाजू अशी, की जी जागा कोणी भरत नाही तिथं तुम्ही-आम्ही सामान्य माणसं कमी भांडवलात उभं राहू शकतो. पण त्याआधी हा ब्रेक फेल होतो म्हणजे नेमकं काय होतं ते समजून घ्या. पोरं इथंच घाई करतात.

सुरुवात मुंबईपासून करतो. 9 डिसेंबर 2024 ची रात्र. कुर्ला पश्चिमेला बेस्टची 12 मीटर लांबीची इलेक्ट्रिक बस, मार्ग क्रमांक 332, भर गर्दीत वाहनांना आणि माणसांना धडकत गेली. नऊ जणांचा जीव गेला, कितीतरी जखमी झाले. पहिला शब्द काय बाहेर आला? "ब्रेक फेल." चालकाचं म्हणणं तेच होतं. टीव्हीवर त्या रात्री तेच चाललं. नंतर परिवहन विभागाच्या लोकांनी बस तपासली, तर ब्रेक चालू स्थितीत असल्याचं पुढे आलं. मग चर्चा वळली प्रशिक्षणाकडे. चालकाला सवय क्लच-गिअरच्या लहान बसची, आणि हातात आली क्लच नसलेली मोठी इलेक्ट्रिक बस, तीही मोजक्या दिवसांच्या सरावावर. दोष कोणाचा आणि किती, ते न्यायालय ठरवेल, आपण ठरवायचं नाही. मला त्यातून एवढंच घ्यायचं आहे, की "ब्रेक फेल" हे कारण नसतं. ते एक पोतं आहे. त्यात वेगवेगळी दहा कारणं भरलेली असतात, आणि पोतं उघडून पाहायची आपल्याला सवय नाही.

चला, उघडून पाहू.

इलेक्ट्रिक गाडीत थांबायच्या दोन वाटा असतात. एक आपली नेहमीची: पॅड डिस्कला घासतो किंवा लायनर ड्रमला घासतो, आणि गाडीचा वेग उष्णता होऊन निघून जातो. दुसरी वाट मोटरची. तुम्ही पाय उचलला की तीच मोटर उलट काम करते, जनरेटर होते, चाकांकडून जोर घेते आणि बॅटरीत वीज भरते. याला रिजन म्हणतात. गाडी आपोआप मंद होते, रेंज वाढते, ग्राहक खूश. महिनाभरात चालकाचा पाय ब्रेकवर जायचं कमी होतं. गावात तर पाऊण काम रिजनच करते असं वाटायला लागतं.

आता गंमत पाहा. रिजनला बॅटरीत जागा लागते. बॅटरी काठोकाठ भरलेली असेल तर वीज ठेवायची कुठं? मग गाडी रिजन कमी करते किंवा बंदच करते. बॅटरी फार तापली तरी तसंच.

चिखलदऱ्याला जाणाऱ्यांनी हे नीट वाचा. चिखलदरा समुद्रसपाटीपासून सुमारे 1100 मीटरवर, परतवाडा चारशेच्या आत. म्हणजे खाली येताना गाडी साधारण 700 मीटर उंची सोडते. चार माणसं आणि सामान धरून गाडीचं वजन 1800 किलो समजा. शाळेतलं सूत्र लावा, या उतारात साडेतीन युनिटच्या जवळपास ऊर्जा मोकळी होते. एक हजार वॅटची इस्त्री साडेतीन तास चालेल एवढी. थोडी वाऱ्यात आणि टायरमध्ये जाईल, पण उरलेली कुठंतरी जिरलीच पाहिजे. बॅटरीत जागा असेल तर ती फुकटची वीज. जागा नसेल तर ती सगळी आग तुमच्या ब्रेकच्या पॅडमध्ये आणि डिस्कमध्ये.

पर्यटक काय करतो? रात्री मुक्कामाच्या ठिकाणी गाडी चार्जिंगला लावतो, सकाळी 100 टक्के पाहून समाधानानं निघतो. पहिल्याच वळणावर पाय उचलतो, गाडी मंद होतच नाही. घाबरून ब्रेक दाबतो आणि दाबूनच ठेवतो. वळणामागून वळण. पाच-सात किलोमीटरनंतर जळका वास. पॅड एका मर्यादेपलीकडे तापला की त्याची पकड ढिली पडते. ब्रेक ऑइल जुनं असेल तर ते उकळायला लागतं, त्यात बुडबुडे होतात, आणि बुडबुडा दाबला जातो, तेल दाबलं जात नाही. पेडल स्पंजासारखं खाली जातं. गाडीत बसलेला म्हणतो, ब्रेक फेल. कंपनी म्हणते, गाडीत दोष नाही. दोघंही आपापल्या जागी बरोबर.

यावर उपाय फुकटात आहे. घाट उतरायचा असेल तर वर 80 टक्क्यांवर चार्जिंग बंद करा. उतरताना ब्रेक धरून ठेवू नका; ठाम दाबा, वेग पाडा, सोडा, त्याला श्वास घेऊ द्या. चिखलदऱ्यात हॉटेल किंवा होम स्टे काढून चार्जिंग पॉइंट द्यायचा विचार कोणी करत असेल, त्यानं प्लगच्या वर एवढी एक पाटी लावावी. पाटीचा खर्च दोनशे रुपये.

ब्रेक ऑइलची गोष्ट निघालीच आहे तर थोडं थांबू, कारण इथं आपल्याकडे पूर्ण अंधार आहे. हे ऑइल हवेतला ओलावा ओढून घेतं. बाटलीवर डॉट 4 लिहिलेलं असतं. ताजं असताना ते किमान 230 अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही. ओलावा मुरला की हीच हद्द 155 अंशांवर येते. डॉट 3 चं गणित याहून कमी, 205 आणि 140. म्हणजे तेल डोळ्याला तेवढंच दिसतं, भांड्यात पातळीही बरोबर असते, आणि तरी ते निकामी झालेलं असतं. म्हणून दोन वर्षांनी बदला म्हणतात. आणि ज्या बाटलीचं झाकण सहा महिन्यांपूर्वी उघडलं, ती उरलेली बाटली पुढच्या ग्राहकाच्या गाडीत ओतू नका. मी डोळ्यांनी पाहिलं आहे म्हणून लिहितो.

पण पेट्रोल गाडीतही हेच तेल होतं, मग ईव्हीतच का अडतं? कारण साधं आहे आणि मला तर सगळ्यात मोठं कारण हेच वाटतं. पेट्रोल गाडी इंजिन ऑइलसाठी दर काही महिन्यांनी मेस्त्रीकडे जायचीच. मेस्त्री ऑइल सोडून द्यायचा, ते गळत असेपर्यंत चाकाकडे वाकून पाहायचा, म्हणायचा, "भाऊ, मागचे लायनर गेले तुमचे." ब्रेक तपासणी अशी फुकटात, गप्पा मारता मारता व्हायची. ईव्हीत ऑइल बदलायचंच नाही. विकणाराही तेच सांगून विकतो, "मेंटेनन्स झिरो." झिरो मेंटेनन्स ऐकून माणूस गॅरेजचा रस्ता विसरतो. ब्रेक मात्र तोच जुना, लोखंडाचा, रबराचा, धूळ खाणारा. गाडी नवीन जमान्याची झाली, ब्रेक आपल्याच जमान्यात राहिला.

त्यात कमी वापर हाही ब्रेकचा शत्रू. ऐकायला उलटं वाटतं ना? पण डिस्कवर पॅड रोज घासला तर गंज आणि धूळ निघून जाते. रिजनच्या भरवशावर चालणाऱ्या गाडीत मागच्या डिस्कला कामच नसतं. आपल्याकडे उन्हाळाभर बारीक धूळ, मग जूनचा पहिला पाऊस, मग काळ्या मातीचा चिखल. तीन महिने असे गेले की डिस्कवर गंजाचा थर, पॅड गुळगुळीत, कॅलिपरची पिन जाम. अचानक जोरात दाबायची वेळ येते तेव्हा एक बाजू पकडते, दुसरी पकडत नाही, गाडी ओढली जाते. फोक्सवॅगननं आपल्या आयडी 3 आणि आयडी 4 या इलेक्ट्रिक गाड्यांना मागं चक्क ड्रम ब्रेक दिले, तेव्हा लोक हसले, एवढी महाग गाडी आणि ड्रम? पण ड्रम आतून बंद असतो, बसून राहिला तरी डिस्कइतका लवकर गंजत नाही. विचार करून केलेली गोष्ट आहे ती. तुमच्या ग्राहकाला एवढंच सांगा: आठवड्यातून एकदा, मागं-पुढं कोणी नसताना, रिजन कमीवर ठेवून चार-पाच वेळा खराखुरा ब्रेक मारा.

रिजन आणि ब्रेक यांच्यात अदलाबदल होते ती जागाही नाजूक. फेब्रुवारी 2010 मध्ये टोयोटानं प्रियस आणि इतर हायब्रिड मिळून जगभरातल्या सुमारे 4 लाख 37 हजार गाड्या परत बोलावल्या. खराब किंवा निसरड्या रस्त्यावर हलका ब्रेक दाबलेला असताना क्षणभर ब्रेक सुटल्यासारखं वाटायचं, अशी तक्रार होती. सॉफ्टवेअर बदलून ते दुरुस्त केलं गेलं. म्हणजे टोयोटासारख्या कंपनीलाही ही अदलाबदल पहिल्या झटक्यात जमली नव्हती. आजही कितीतरी ईव्हीत खड्ड्यावर चाक उचललं की रिजन क्षणभर सोडतं आणि गाडी पुढं ढकलल्यासारखी वाटते. आपल्या रस्त्यांवर खड्डा शोधावा लागत नाही. ज्याला हे माहीत आहे तो पाय आणखी दाबतो. ज्याला माहीत नाही तो पाय उचलतो आणि ओरडतो. कंपनीचं सॉफ्टवेअर अपडेट आलं की "नंतर करू" म्हणणाऱ्यांनीही हे लक्षात ठेवावं; त्यात फक्त गाण्यांची स्क्रीन सुधारत नसते.

कार बाजूला ठेवू. आपल्या बहुतेक वाचकांचा संबंध ई-रिक्षाशी आणि स्कूटरशी, आणि तिथली गोष्ट वेगळी आहे.

ई-रिक्षाला कायद्यात जागा मिळाली ती 2015 च्या मोटार वाहन दुरुस्ती कायद्यानं. चालक सोडून चार प्रवासी आणि ताशी 25 किलोमीटर, असा तिचा हिशोब. माल वाहणाऱ्या ई-कार्टला 310 किलो. ब्रेक या हिशोबावर बसवलेला असतो, बहुतेक गाड्यांत साधा ड्रम, पायाखालच्या पेडलपासून मागच्या चाकांपर्यंत सळई किंवा केबल. आता इर्विन चौकात दहा मिनिटं उभे राहा आणि मोजा, चार प्रवासी असलेली रिक्षा किती वेळानं दिसते. शेगावला आरतीच्या वेळी स्टेशनकडून मंदिराकडे जाणाऱ्या रिक्षा पाहा. चारच्या जागी सात बसले, माणशी 65 किलो धरलं, तर जवळपास 200 किलो जास्तीचे झाले. ब्रेक तोच. उड्डाणपुलाचा उतार लागला की वेग 25 वर राहत नाही. आणि वेग दुप्पट झाला की थांबायला लागणारं अंतर दुप्पट होत नाही, चौपट होतं. लायनर, केबल, सगळं ठीक असूनही ती रिक्षा थांबणार नाही. याला ब्रेक फेल म्हणायचं का?

लायनर ठीक नसतातच, ती पुढची गोष्ट. केबल हळूहळू ताणली जाते. पेडल रोज एक-एक दोरा खाली जातं, चालकाच्या पायाला सवय होत जाते, त्याला कळतच नाही. एक दिवस पेडल पत्र्याला टेकतं. केबलच्या तारा एकदम तुटत नाहीत. आधी दोन, मग चार, टोकाजवळ फुललेल्या दिसतात. वाकून पाहणाऱ्याला महिनाभर आधी दिसतात. पण वाकायचं कोणी? चालक म्हणतो मालकाची गाडी, मालक म्हणतो चालवतो तो.

आणखी एक गोष्ट फक्त ईव्हीतली. स्कूटर असो की रिक्षा, ब्रेक दाबला की एक छोटं स्विच मोटरचा करंट तोडतं. हे स्विच धुळीनं, पाण्यानं किंवा वायर तुटून बंद पडलं, आणि घाबरलेल्या चालकाचा हात एक्सलेटरवर तसाच पिळलेला राहिला, तर मोटर पुढं ओढते आणि ब्रेक मागं. ओझं असलेल्या गाडीत अशा वेळी कोण जिंकेल सांगता येत नाही. गाडी धुणारे थेट हँडलवर प्रेशरचं पाणी मारतात, तिथं हे स्विच आणि एक्सलेटरचा सेन्सर दोन्ही असतात. तपासणी दोन मिनिटांची. गाडी मधल्या स्टँडवर किंवा जॅकवर घ्या, चाक हवेत फिरवा, हलका ब्रेक दाबा. मोटर तत्काळ सुटली पाहिजे. डाव्या लिव्हरनं एकदा, उजव्या लिव्हरनं एकदा. एकाही लिव्हरला सुटली नाही तर ती गाडी त्या दिवशी रस्त्यावर नाही. चालकाला एमसीबी किंवा चावी कुठं आहे ते डोळे मिटून सापडलं पाहिजे. हे रिक्षा-स्कूटरसाठी सांगतो. चालत्या कारमध्ये चावी-बटणाशी खेळू नका. तिथं न्यूट्रल करायचं आणि ब्रेक पूर्ण ताकदीनं दाबून ठेवायचा. कारचं पेडल अचानक दगडासारखं कडक झालं तर बहुधा ब्रेकला मदत करणारा बूस्टर गेलेला असतो, ब्रेक गेलेला नसतो. दुप्पट जोर लावला तर गाडी थांबते. हे माहीत नसल्यामुळे माणूस पाय काढून घेतो आणि हँडल फिरवत बसतो.

स्कूटरवाल्यांसाठी दोन कडू गोष्टी. 250 वॅट आणि 25 किलोमीटरच्या आतल्या स्कूटरला नोंदणी लागत नाही, लायसन लागत नाही. म्हणून काही दुकानदार गाडी विकतात आणि वर एक वायर तोडून तिला चाळीस-पंचेचाळीसनं पळवून देतात. ग्राहक खूश, "सर, लय पिकअप हाय." त्या स्कूटरचे ब्रेक 25 च्या हिशोबानं बसवलेले असतात. 2022 मध्ये राज्याच्या परिवहन विभागानं अशा बदल केलेल्या गाड्यांवर मोहीमही काढली होती. तुम्ही दुकान टाकणार असाल तर ही वायर तुमच्या दुकानात तुटायची नाही, मग गिऱ्हाईक शेजारी गेलं तरी चालेल. दुसरी गोष्ट, स्वस्त गाडीच्या माहितीपत्रकावर "ई-एबीएस" छापलेलं असतं. बहुतेक वेळा तो फक्त मोटरनं दिलेला अटकाव असतो. चाक लॉक होऊ न देणारं खरं एबीएस ते नव्हे. आणि करंट गेला की तोही गेला. गिऱ्हाईकाला हे सांगून विका. न सांगता विकलं तर फसवणूक केली असं मी म्हणेन, कायदा काय म्हणायचा तो म्हणो.

आता त्या डाबकी रोडच्या पोराकडे येऊ. त्याला मी जे सांगितलं ते असं.

रिक्षा तुझ्या नावावर, म्हणजे अपघात झाला तर दावा तुझ्यावर. चालक कोण होता हा नंतरचा प्रश्न. मोटार वाहन कायद्याच्या कलम 146 नं तृतीय पक्ष विमा लागतोच. पण चालकाकडे योग्य लायसन नसेल, गाडीचं फिटनेस संपलेलं असेल, तर विमा कंपनी न्यायाधिकरणाच्या आदेशानं पैसे भरते आणि नंतर तेच पैसे तुझ्याकडून वसूल करायला उभी राहते. पाच रिक्षांचं पाच वर्षांचं भाडं एका प्रकरणात जाऊ शकतं. हा आकडा तुझ्या वहीत नाही. आणि जो माणूस जाईल तो तर कोणत्याच वहीत बसत नाही.

म्हणून प्रत्येक रिक्षाची एक ब्रेक वही कर. शाळेची चाळीस पानी चालते. रोज सकाळी चावी देण्याआधी पेडल दाबून पाहायचं, स्विच पाहायचं, सही घ्यायची. आठवड्याला एकदा मोकळ्या मैदानात चुन्याची रेघ मारायची, रिकामी रिक्षा पूर्ण वेगात आणायची, रेघेवर ब्रेक मारायचा, किती फुटांवर थांबली ते टेपनं मोजून लिहायचं. दुसऱ्याच्या गाडीशी तुलना करू नको, तिच्याच मागच्या आठवड्याच्या आकड्याशी कर. आकडा वाढत चालला की ड्रम खोल. खोलल्यावर लायनर किती मिलिमीटर उरला ते व्हर्निअरनं मोज, अंदाजानं नको. आणि ड्रममधली धूळ कॉम्प्रेसरच्या हवेनं तोंडावर उडवू नको, ओल्या फडक्यानं पूस. ती फुप्फुसात जायची वस्तू नाही.

नवीन चालक घेतला तर पहिले दोन तास मैदानात. पेट्रोल रिक्षा चालवलेला असला तरी. किंबहुना असला तर जास्तच, कारण त्याच्या हातापायाला जुनी सवय असते. कुर्ल्याची गोष्ट त्याला सांग.

पोरगा ऐकून म्हणाला, "सर, एवढं कोण करते बाप्पा?"

कोणी करत नाही म्हणूनच तर धंदा आहे, असं मी म्हणालो. आणि इथून तुम्हा सगळ्यांसाठी लिहितो. समजा, तुम्ही तुमच्या भागातल्या फक्त 60 ई-रिक्षा धरल्या आणि महिन्याला प्रत्येकीची एक पक्की ब्रेक तपासणी 200 रुपयांत केली. 12 हजार रुपये झाले. एका गाडीला 40 मिनिटं लागली तर महिन्याचे 40 तास, म्हणजे वीस दिवस रोज दोन तास. लायनर, केबल, ब्रेक ऑइल यावरची कमाई वेगळी. या एका कामावर घर चालेल असं मी म्हणत नाही. पण पंक्चर, टायर, वायरिंगच्या दुकानाला हे जोडलं तर ठरलेलं गिऱ्हाईक महिन्याला एकदा तुमच्या दारात येतं. जुन्या मेस्त्रीला ऑइल बदलीनं जे दिलं होतं, तेच. दुसरं गिऱ्हाईक माल वाहणाऱ्यांचं. नांदगाव पेठच्या आणि अकोल्यात शिवणीच्या एमआयडीसीतले कारखानदार, कापडाचे व्यापारी, ज्यांच्या तीनचाकी इलेक्ट्रिक गाड्या रोज ओझं वाहतात. त्यांना पैशापेक्षा गाडी उभी राहण्याची चिंता असते. त्यांच्याशी वर्षाचा करार करा.

सामान फार लागत नाही. चांगला जॅक आणि त्याखाली लावायचे स्टँड (फक्त जॅकवर गाडी ठेवून खाली हात घालू नका), टॉर्क पाना, व्हर्निअर, ब्रेक ऑइलमधला ओलावा दाखवणारा टेस्टर, हवा काढायची नळी आणि बाटली, इन्सुलेटेड हातमोजे. आयटीआयमध्ये आता इलेक्ट्रिक वाहन मेकॅनिकचा स्वतंत्र ट्रेड आहे, जवळच्या आयटीआयमध्ये जाऊन विचारा. कर्ज लागलं तर पीएमईजीपीमध्ये सेवा उद्योगाला 20 लाखांपर्यंतचा प्रकल्प बसतो. सर्वसाधारण गटाला शहरात 15 टक्के आणि ग्रामीण भागात 25 टक्के अनुदान, महिला, अनुसूचित जाती-जमाती, इतर मागासवर्ग अशा विशेष गटांना शहरात 25 आणि ग्रामीणमध्ये 35. पण माझं ऐकाल तर पहिले सहा महिने 20 लाखांचं स्वप्न पाहू नका. एखाद्या चालू गॅरेजच्या कोपऱ्यात जॅक टाका आणि कामाला लागा. एक सावधगिरी: कारच्या हाय व्होल्टेजच्या नारिंगी वायरींना प्रशिक्षणाशिवाय हात लावायचा नाही. ब्रेकचं काम येतं म्हणून बॅटरीचंही येतं असा समज करून घेऊ नका.

काही जण म्हणतील, सर, लोक ब्रेक तपासणीचे पैसे देत नाहीत, 200 रुपयांत दोन दिवसांचा नाश्ता होतो. बरोबर आहे, सुरुवातीला देत नाहीत. म्हणून चालकाला विकू नका, मालकाला विका. भाड्यानं देणाऱ्याला, शाळेच्या पोरांना ने-आण करणाऱ्याला, कर्ज देणाऱ्या पतसंस्थेलासुद्धा. ज्याचं नुकसान होणार आहे त्याच्याशी बोला. आणि पहिल्या दहा गाड्या फुकट तपासा, जे सापडेल त्याचा फोटो मालकाला पाठवा. फुललेल्या केबलचा फोटो जेवढा विकतो तेवढं तुमचं बोलणं विकत नाही.

त्या पोरानं गेल्या आठवड्यात मला तसाच एक फोटो पाठवला. त्याच्या स्वतःच्या गाड्या अजून यायच्या आहेत. मी सांगितलं म्हणून त्यानं शेजारच्या एका रिक्षावाल्याची गाडी जॅकवर घेतली होती. एका बाजूची केबल, सातपैकी तीन तारा शिल्लक. खाली एवढंच लिहिलं होतं, "सर, हा भाऊ रोज याच्यावर पोरं शाळेत सोडून रायला." केबल त्यानं तिथंच बदलली. पैसे घेतले का विचारलं, तर म्हणाला केबलचे घेतले, मजुरीचे नाही. मी त्याला म्हटलं, पुढच्या महिन्यापासून मजुरीचेही घे.

पाच रिक्षा घ्यायचं त्यानं आता दोनवर आणलं आहे. उरलेल्या पैशात टॉर्क पाना, टेस्टर आणि स्टँडची जोडी.